घर नंबर एकशे बाराची मेस

रविवारची फिस्ट उरकली, पोरं-पोरी चाचणी परीक्षेला गेल्या आणि बसवंतनं मेसचं शटर अर्ध्यावर ओढलं. पूर्ण ओढलं असतं तर तासाभरात ट्युशन एरियात बातमी पसरली असती की बिराजदारांची मेस बंद पडली. उघडं ठेवलं असतं तर कुणी जेवायला आलं असतं, पण ही भीती या घरात बरेच दिवस कुणाला वाटली नव्हती.

"हं, बसा सगळे," बसवंत म्हणाला.

सगळे बसलेलेच होते. स्टीलच्या लांब टेबलाच्या टोकाला त्याचे वडील शेषेराव, धोतर गुडघ्यात गोळा करून. समोरच्या बाकावर पुतण्या सत्यम. त्याच्या शेजारी बसवंतची मुलगी पुनम, मोबाईल पालथा घालून त्यावर तळहात ठेवलेला, जणू तो पळून जाईल. फक्त सिंधु आत होती. सत्यमची आई, बसवंतची वहिनी आणि मेसची मालकीण. आतून परातीचा आवाज येत होता.

"वैनी, या की बाहेर. तुमच्याच मेसचं चाललंय."

"ऐकू येतंय मला," आतून उत्तर आलं.

पुनमला हे सगळं फार साधं वाटलं होतं. मार्चमध्ये ती याच टेबलाशी बसून मोबाईलवर 'जवळची मेस' शोधत होती. मोबाईलनं बेचाळीस मेस दाखवल्या. त्यातली एक गुलबर्ग्याला होती. जिच्यात ती बसली होती ती नव्हती.

"मोठी आई, आपण नाहीच," ती तेव्हा सिंधुला म्हणाली होती.

"न्हाई कशा? हे वरण उतू चाललंय ते कुणाचं हाय?"

पण मोबाईलवर नसलेल्या मेसमध्ये कोण जेवायला येणार. बारावीनंतरची पोरं नांदेडहून, उमरीहून, कुठल्या कुठून येतात, बॅग खाली ठेवायच्या आधी मोबाईलला विचारतात की जेवायचं कुठं. पुनमनं त्याच दुपारी लिस्टिंग भरली. नाव, फोन, वेळा. फोटोत बोर्डापाशी सत्यमला उभं केलं. मग पत्त्याचा रकाना आला आणि तिच्या बोटांनी तो एका दमात भरून टाकला: घर नंबर ११२, मौजे सोनखेडी, जुनं गावठाण, तालुका औसा, जिल्हा लातूर.

बिराजदारांच्या घरात पत्ता म्हणून दुसरं काही लिहिलं जात नसे. शेषेरावांचा तसा दंडक होता. भूकंपग्रस्तांच्या दाखल्यावर जो पत्ता, तोच शाळेत, तोच गॅसच्या पुस्तकावर, तोच आधार कार्डावर. एक अक्षर इकडचं तिकडं झालं तर दाखला गेला. पुनमचा जन्म भूकंपानंतर सात वर्षांनी लातूरच्या दवाखान्यात झाला होता. त्या पत्त्यावर ती कधी गेली नव्हती, पण कागदोपत्री अजून तिथंच राहत होती.

त्यामुळे मेसची लाल खूण पडली ती लातूरपासून तासाभराच्या अंतरावर, बाभळीच्या रानात. जिथं एकेकाळी सोनखेडी होती.

"मला एक सांग," बसवंत म्हणाला, "कंपनीचं ते पोस्टकार्ड येतं ना, खात्रीचं? त्यावरचा आकडा टाकल्याशिवाय लिस्टिंग चालू होत न्हाई. ते कार्ड गेलं जुन्या गावठाणात. तिथं पोस्टमन कुठला, भुंकायला कुत्रंसुद्धा न्हाई. मग आकडा तुला कुणी दिला?"

"फोन आला होता."

"कुणाचा?"

"मला वाटलं, कंपनीचा. नंबर तीन आकडी होता. माणूस म्हणाला, बाई, लिहून घ्या. पाच आकडे सावकाश सांगितले." मग पुनम म्हणाली, "मागं गिरणी चालू होती. पिठाची. मला वाटलं, कंपनीचं ऑफिस तसल्या भागात असेल."

शेषेराव पहिल्यांदा बोलले. "आपल्या गावात तीन आकडीच फोन होते. सगळे मिळून चार."

"आबा, तुम्ही मधी बोलू नका," बसवंत म्हणाला. मग त्याला वाटलं, कुणीतरी मध्ये बोललेलं बरं होतं.

*

बसवंत पाटबंधारे खात्यात कारकून होता आणि जे फाईलीत बसत नाही ते घडलेलं नाही, असं मानून त्याची नोकरी चांगली चालली होती. ही फाईल मात्र बंद होईना. मेस त्याच्याच घराच्या खालच्या हॉलमध्ये होती. या हंगामात पोरं आली नाहीत तर तिथं अभ्यासिका काढायची, हे त्यानं वहिनीला सांगून टाकलं होतं. उद्या सोमवारी नव्या बॅचा सुरू होणार होत्या. आणि मेसला चार पूर्णांक नऊ तारे होते. अख्ख्या लातुरात एवढे कुणाला नव्हते. जेवायला मात्र एकोणीस टाळकी.

अभिप्राय एकसष्ट. त्यानं रात्रीतून ते सगळे वाचले होते. कुणाचाही फोटो नव्हता, नुसते रंगीत गोल आणि त्यात नावाचं पहिलं अक्षर. आडनावं सगळी सोनखेडीतली.

'भाकरी गरम. बसणारे सगळे ओळखीचे.'

'पाणी मुबलक.' हे वाचून तर त्याला रागच आला होता. लातुरात नळाला दहा दिवसांनी पाणी येतं.

'जेवण घरच्यासारखं. म्हणजे घरचंच.'

कुणीतरी वेळेतही दुरुस्ती सुचवली होती आणि कंपनीनं ती मान्य केली होती: गुरुवारी बंद. मेस गुरुवारी कधीच बंद नसे. त्र्याण्णव सालचा तो दिवस मात्र गुरुवार होता, हे या घरात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

"हे कुणीतरी आपल्यातलंच करायलंय," बसवंत म्हणाला आणि सत्यमकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलात, काका?"

"तुला मोबाईलातलं कळतं. आईची मेस चालावी असं तुला वाटतं. त्यात वाईट काही न्हाई. पण मेलेल्या माणसांच्या नावानं खाती काढायची म्हणजे..."

"तुमच्या त्या 'पाणी मुबलक'वाल्या माणसाचं नाव मला पुरतं माहीत तरी आहे का? मी जन्मलो तेव्हा गावच नव्हतं. मी कुणाच्या नावानं खातं काढणार?"

हे खरं होतं. त्या घरात जे जे वाचले, ते त्या पहाटे पत्त्यावर नव्हते. शेषेराव शेतात राखणीला होते. बसवंत नांदेडला कॉलेजच्या होस्टेलवर. सिंधु नऊ महिन्यांची पोटुशी, माहेरी उमरीला. पत्त्यावर दोघं होते: शेषेरावांची बायको आणि थोरला मुलगा माणिकप्पा. सिंधुचा नवरा, वय सव्वीस. सत्यम त्यानंतर चार दिवसांनी जन्मला.

"बरं, तू न्हाईस," बसवंत म्हणाला. "मग लेकीला ट्युशनला सोडायला आलेल्या त्या इस्लापूरच्या मास्तरला कुणी जेवू घातलं? काल फोन आल्यापासून मला घास उतरंना. तुम्हीच ऐका सगळे."

त्यानं फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलावर मधोमध ठेवला. आतला परातीचा आवाज थांबला.

"नमस्कार, नमस्कार," पलीकडून मार्तंडराव मास्तरांचा मोकळा आवाज आला. "तुमचे आभार मानायचे राहूनच गेले बघा. आमच्या लेकीला, उर्वीला तर काल फार आवडलं."

"सर, तुम्ही नक्की कुठं जेवलात ते जरा तपशिलात सांगता का?"

"तुमच्याकडेच की. नकाशा लावला होता. त्यानं औशाच्या पुढं काढलं. मी म्हटलं, लातूर वाढलंय, काही सांगता येत नाही. मग बाभळी लागल्या. गाडी आत जाईना, म्हणून चालत गेलो. मोबाईल म्हणाला, तुम्ही पोहोचला आहात, ठिकाण डाव्या बाजूला."

"आणि डाव्या बाजूला?"

"पंगत बसलेली." मास्तर म्हणाले. "दुपारचे दोन वाजले असतील. कडक ऊन. माणसं तशी शिस्तीची, जेवताना कुणी बोलत नव्हतं. येसराची आमटी काय होती हो. एकच गोष्ट खटकली, सांगू का? राग नको."

"सांगा."

"वर छप्पर नव्हतं. मी म्हटलं, पत्र्याचं काम चालू असेल. पण सगळे घासागणिक वर बघायचे. घास घेतला की वर. आम्हीसुद्धा मग बघायला लागलो. वर तर काहीच नव्हतं."

पुनमनं नकळत छताकडे पाहिलं. पंखा होता. तो बंद होता.

"वाढायला कोण होतं, सर?" हे सत्यमनं विचारलं.

"तुमच्या लिस्टिंगच्या फोटोत बोर्डापाशी तो मुलगा उभा आहे ना, तोच. मिशी ठेवलीय त्यानं आता. फार गुणी. मला म्हणाला, पोरीची फिकीर करू नका, सोमवारी सकाळपासून तिचा डबा आम्हीच तिच्या रूमवर पोचवू. मी रूमचा पत्ता लिहून दिला. ठीक आहे ना?"

सत्यमला मिशी नव्हती. कधीच नव्हती, ती नीट येत नसे, आणि हा घरातला चेष्टेचा विषय होता.

"हॅलो?"

"ठीक हाय, सर," बसवंत म्हणाला आणि फोन कापला.

पुनमनं तेवढ्यात आपला मोबाईल उलटा करून मेसचं पान उघडलं होतं. पानाच्या खाली गर्दीचे निळे खांब होते. त्यातला आत्ताचा खांब टोकापर्यंत गेला होता. खाली लिहिलं होतं: नेहमीपेक्षा जास्त गर्दी. तिनं बाबांना ते दाखवलं नाही. त्यांचा रक्तदाबाचा त्रास होता.

*

"आत्ताच्या आत्ता ती खूण काढ," बसवंत म्हणाला. "उद्या सकाळी त्या पोरीच्या रूमवर डबा घेऊन कोण जातं ते मला बघायचं न्हाई."

पुनमनं 'बदल सुचवा' दाबलं. तीन पर्याय आले. तिनं ते वाचून दाखवले, शाळेत हजेरी घेतात तसे.

"एक. इथे असे काही नाही. दोन. कायमचे बंद. तीन. दुसरीकडे हलले."

"पहिलं दाब."

"दाबते. पण मग हे पान जातं. अभिप्राय, तारे, सगळं. कधी नव्हतंच असं होतं."

"तेच तर पाहिजे."

"दाबू नगं," शेषेराव म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण पुनमचं बोट थांबलं.

"चौऱ्याण्णवला तहसीलचा एक माणूस मला हेच म्हणला," ते म्हणाले. "कागद चाळला अन् म्हणला, बाबा, एकशे बारा नंबरचं घर रेकॉर्डला न्हाई. एकशे अकरा हाय, एकशे तेरा हाय. मधलं न्हाई. इथं असं काही न्हाई. मी म्हणलं, साहेब, त्यातनं मी दोन मयतं काढली. तो म्हणला, घरच न्हाई तर मयतं कशी निघतील. दोन वर्सं लागली मला ते घर होतं असं लिहून घ्यायला. तुझी आजी अन् तुझा चुलता मेले हे सिद्ध करायला आधी ते कुठंतरी राहत होते हे सिद्ध करावं लागलं. आता तू एका बोटानं ते पुसणार?"

बसवंतनं मान खाली घातली. दाखल्याच्या जोरावरच त्याला नोकरी लागली होती.

"मग दुसरं," सत्यम म्हणाला. "कायमचे बंद. पान तसंच राहील, फक्त लाल अक्षरात बंद म्हणून येईल. कुणी नवीन जाणार नाही, मास्तरसारखं. आणि जे लिहिलंय ते राहील वाचायला."

"तुला काय वाचायचंय एवढं?"

सत्यमनं पुनमच्या मोबाईलकडे पाहिलं. त्याला जे वाचायचं होतं ते एकाच खात्याचं होतं. म. शे. बिराजदार, स्थानिक मार्गदर्शक, पातळी चार. त्या माणसानं जुन्या सोनखेडीतल्या चौदा ठिकाणांवर मत दिलं होतं. शाळा: तीन तारे, 'मास्तर बरे, छप्पर कच्चं.' गिरणी: दोन तारे, 'जाडंभरडं दळतो.' विहीर: पाच तारे, काही लिहिलं नव्हतं. सत्यमला वडिलांबद्दल आजवर जेवढं कळलं होतं त्याहून हे जास्त होतं. सांगणारे सगळे म्हणायचे, लई भला माणूस. भल्या माणसाला चेहरा नसतो. गिरणीला दोन तारे देणाऱ्याला असतो.

महिन्यापूर्वी त्यानं मालकाच्या खात्यातून खाली उत्तर लिहिलं होतं: 'धन्यवाद. आपण कोण?' त्यावर काही आलं नाही. आठ दिवसांनी त्या उत्तराला कुणीतरी अंगठा दिला. सत्यम त्या रात्री दोनदा जेवला होता.

"मी सांगू का," पुनम म्हणाली, "हे सगळं तिसऱ्यात बसतं. हलले म्हणायचं, लातूरचा पत्ता द्यायचा. खूण इथं येते. तारे, अभिप्राय सगळं बरोबर येतं. उद्या सकाळी 'जवळची मेस' म्हणलं की आपण पहिले."

"तारे येतात?" बसवंतनं विचारलं.

"सगळे."

"चार पूर्णांक नऊ?"

"हाव."

बसवंतचा चेहरा हळूहळू उजळला. फाईल बंद करण्याचा हा मार्ग त्याला सुचलाच नव्हता. "मग इतका वेळ काय बघायलीस? तिसरं दाब. आबा, यात काही पुसलं जात न्हाई. सत्यम, तुझंही वाचायचं राहतंय. खामखा दीड तास घालवला."

पुनमनं बोट पुढं नेलं आणि मग खालची बारीक अक्षरं वाचली. बोट परत आलं.

"बाबा, नको. दुसरंच दाबू. सत्यमदादा म्हणतो ते."

"आता काय झालं?"

"हलले म्हणलं की ज्यांनी ज्यांनी अभिप्राय दिलाय, त्या सगळ्यांना निरोप जातो. नवा पत्ता, यायचं कसं, त्यासकट." तिनं आकडा पुन्हा पाहिला. "एकसष्ट जणांना."

हॉलमध्ये एकावेळी बावीस माणसं बसत. हा हिशेब सगळ्यांच्या मनात एकदमच आला असावा, कारण सगळ्यांनी एकदमच बाकांकडे पाहिलं.

"कायमचे बंद," बसवंत चटकन म्हणाला. "सत्यमचं बरोबर हाय."

"तारे?" शेषेरावांनी विचारलं.

"जाऊ द्या तारे, आबा. अभ्यासिका काढू. अभ्यासिकेत कुणी जेवायला येत न्हाई."

*

सिंधु दारात उभी होती. हात कोपरापर्यंत पिठात. ती किती वेळ उभी होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

"बंद नका करू," ती म्हणाली.

"वैनी, तुम्ही ऐकलं न्हाई का तो मास्तर काय..."

"समदं ऐकलं."

ती येऊन टेबलाशी बसली नाही. पदराला हात लागू नये म्हणून ते पुढं धरून तशीच उभी राहिली.

"तुम्ही दोन महिने झाले म्हणायलाव, पोरं म्हणतात जेवण खारट व्हायलंय. ते मी करून राहिले. मुद्दाम." तिनं पुनमकडे पाहिलं. "तू मला ते दाखवलं होतंस ना, एप्रिलात. त्यांचं. 'मीठ कमी' लिहिलेलं."

पुनमनं मान हलवली. म. शे. बिराजदार यांचा मेसवरचा अभिप्राय तेवढाच होता, दोन शब्दांचा, चार तारे. एका खात्याला एकच अभिप्राय देता येतो, पण तो बदलता येतो.

"मी म्हणलं, बघावं. दुसऱ्या दिवशी आमटीत चिमूट जास्त टाकली. इथं, या पातेल्यात. रात्री सत्यमच्या मोबाईलात बघितलं. 'मीठ ठीक' झालं होतं."

"योगायोग असंल," बसवंत म्हणाला, पण विचारल्यासारखं.

"मग मी हात आखडला. परत 'मीठ कमी'. असं पाच वेळा केलं. पोरं बिचारी खारट खाऊन राहिलीत. पण इथं वाढलेलं तिथं पोचायलंय, बसवंतभाऊजी. एवढी सव्वीस वर्सं माझं काही तिकडं पोचलं न्हाई."

शेषेरावांनी सुनेकडे पाहिलं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी ते उमरीला गेले होते, तिला सांगायला. तिनं रडायच्या आधी विचारलं होतं, जेवून झोपले होते का. त्यांना माहीत नव्हतं. ते शेतात होते. त्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी आजवर दिलं नव्हतं आणि तिनं पुन्हा विचारलं नव्हतं.

"मामा," सिंधु सासऱ्यांना म्हणाली, "तुम्ही पत्ता बदलू दिला न्हाई ते बरोबर केलं. दाखल्यासाठी पाहिजेच होता. पण ते तिथंच बसलेत. मी माहेराहून येईन म्हणून. तेच बाळंतपण चालू हाय त्यांच्या हिशेबानं. मला स्टँडवर सोडलं तवा म्हणले होते, पत्र टाक. मी टाकलं न्हाई. मला लाज वाटली, नवऱ्याला काय पत्र लिहायचं. अन् मग टाकायला पत्ता उरला न्हाई." ती थांबली. "बंद झालं म्हणून कळवायचं? का इथं काही नव्हतंच म्हणून? आपण हललो. जे झालं ते कळवा की."

"आई, ते सगळे येतील," सत्यम म्हणाला.

"येऊ दे."

"एकसष्ट हाईत, वैनी," बसवंत म्हणाला.

"मी पंगतीला दोनशे माणूस जेवू घातलंय."

शेषेरावांनी पुनमकडे मान वळवली. मग म्हणाले, "पोरी, दाब. तिसरं."

"आबा, दाखला..."

"दाखल्यावर राहू दे. माणसाला कळव."

पुनमनं मोबाईल सिंधुपुढं धरला. सिंधुनं अंगठ्यानं दाबलं. काही झालं नाही. बोटांवर पीठ होतं. तिनं अंगठा जिभेला लावून पुसला आणि पुन्हा दाबला. तरी नाही. तिसऱ्या वेळी पान बदललं आणि एक रिकामी चौकट आली.

"अधिक माहिती," पुनमनं वाचलं. "ऐच्छिक हाय. लिहिलं न्हाई तरी चालतं."

"कुठं जाती ती माहिती?"

"निरोपात. सगळ्यांना."

"सगळ्यांना नको. पण असू दे. गावातलेच हाईत." सिंधुनं डोळे मिटले. "लिही. लातूरला आलो. ट्युशन एरिया, मोठ्या टाकीच्या मागं, बसवंतभाऊजींनी घर बांधलं त्यात खाली."

पुनम टाईप करत होती. बाहेर रिक्षा गेली. हॉलमध्ये मोबाईलच्या कीबोर्डचा आवाज तेवढा होता.

"मुलगा झाला. सत्यम नाव ठेवलं. पंचवीसचा हाय. तुमच्यासारखाच, फक्त मिशी येत न्हाई."

सत्यमनं तोंड दुसरीकडे केलं.

"मामा बरे हाईत. गुडघे धरतात. आई तुमच्यापाशीच असतील, त्यांना नमस्कार. मी पत्र टाकलं न्हाई, चुकलं." ती पुन्हा थांबली. पुढं काय लिहायचं ते तिला बहुधा माहीत होतं, पण पुढ्यात दीर होता, सासरे होते. "एवढंच. अन् लिही, त्या इस्लापूरच्या पोरीचा डबा उद्यापासून मी देईन. तुम्ही त्रास घेऊ नका."

पुनमनं पाठवलं.

"तीन-चार दिवस लागतात," ती म्हणाली. "कंपनी तपासते आधी. कधी कधी नाकारतेही."

बसवंतनं श्वास सोडला. तीन-चार दिवस हा त्याच्या ओळखीचा काळ होता. तीन-चार दिवसांत पुष्कळ गोष्टी बारगळतात.

मोबाईल थरथरला. पुनमनं वाचलं आणि काही न बोलता तो टेबलावर मध्यभागी ठेवला. बदल स्वीकारला होता. नकाशावरची लाल खूण बाभळीतून उचलली गेली होती आणि टाकीच्या मागं, त्या पाच जणांच्या अगदी डोक्यावर उभी होती.

सिंधु आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. रविवारी संध्याकाळी मेसला सुट्टी असते, हे तिला कुणी आठवण करून दिलं नाही. थोड्या वेळानं भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला, एक, मग दुसरी, थांबण्याचं नाव नाही. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली होती. ती मधूनमधून तुटत होती, बाहेरून माणसं जाताना तुटते तशी. फक्त पुन्हा जुळत नव्हती.

सिंधु हातात ताटांची चवड घेऊन बाहेर आली. तिनं दाराकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बाकांकडे बघून म्हणाली:

"सरका जरा."

सगळे सरकले. सगळ्यात जास्त बसवंत सरकला.